फळीखालचं लाकूड

मागच्या आठवड्यात आमच्या बदलापूरजवळच्या खरवईच्या घरात सिंकखालचा प्लाय कुजलेला निघाला. वरून सनमायका अगदी चकचकीत होता. सुतार आला, गुडघ्यांवर बसला आणि बोटाच्या पेराने टकटक करत डावीकडून उजवीकडे सरकत गेला. टक, टक, टक, आणि मग एका जागी थप. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगायची गरज नव्हती, तो आवाज मी चांगला ओळखते.

मृग तोंडावर आला की हवा अशी जड होते. बरणीतलं मीठ ओलावतं, न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतं. या हवेत लोकांना कांद्याची भजी आठवतात. मला फायबरच्या रेझिनचा वास आठवतो, तो नाकातून थेट कपाळात चढणारा गोडसर वास. आता माझ्या वाटेत ना धरण आहे ना होडी. तरी पहिला आठवडाभर मी घरातसुद्धा पाऊल जपून टाकते. मुलगी हसते. म्हणते, आई, ही फरशी आहे, खाली स्लॅब आहे. असेल बाई. स्लॅबच्या आत काय आहे ते कुणी पाहिलंय?

काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तरुणपणीही मी अशीच होते, आणि तशात माझी बदली झाली धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीवरच्या शाळेत. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो. मी लोकलने बदलापूरला उतरायचे, तिथून एसटीने धरणापर्यंत आणि पुढे पायी. उन्हाळ्यात पाणी इतकं आटायचं की तळातून पायवाट निघायची, तिने सरळ चालत शाळेत जाता यायचं. आषाढात तीच वाट चार पुरुष खोल पाण्याखाली जायची. मग वाडीला या काठाशी जोडणारी एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे वाडीतला गोमा वल्हवायचा ती होडी. डोंगरावरून वळसा घालून जाणारी वाट होती, पण दोन ओढे आडवे यायचे आणि तेही त्याच दिवसांत फुगायचे. होडी बंद म्हणजे शाळा बंद, रेशन बंद, दवाखाना बंद.

मला पोहता येत नाही. मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढले. आमच्याकडे पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते, आणि त्याची भीती वाटायची ती फक्त ते येणार नाही म्हणून.

होडी फायबरची होती. कुठल्याशा खात्याने मोडीत काढलेली, पंचायतीने मागून आणलेली. माझ्या दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी भर पाण्यात गोमाची टाच तळाच्या फळीतून आरपार खाली गेली. बाहेरचं कवच शाबूत होतं म्हणून पाणी आत आलं नाही, पण गोमाने टाच वर काढली तेव्हा तिला काळा चिखल लागलेला होता आणि तो चिखल म्हणजे लाकूड होतं. मी समोरच बसले होते. त्यानंतर काठ येईपर्यंत होडीतलं कुणी हललं नाही, एक शेळीसुद्धा नाही.

पंचायत म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. हे मी घरी बोलले आणि तिथेच चूक झाली. आमचे हे, म्हणजे मधुकर, तेव्हा उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. जेवता जेवता म्हणाले, आण इकडे, मी करतो. मी म्हटलं, तुम्ही टाक्या करता, होडी कधी केलीय? त्यावर ते म्हणाले, टाकी पाणी आत ठेवते आणि होडी बाहेर ठेवते, फरक तो काय एवढाच. आणि आणखी भात वाढ म्हणाले.

त्या वाक्याने मी किती दिवस झोपले नाही. इतर बायकांचे नवरे इतरांच्या टाक्या करत होते. माझा नवरा मी बसणार होते ती होडी करत होता, आणि त्याला त्यात फरक दिसत नव्हता.

मेच्या सुट्टीत होडी टेम्पोवर उलटी टाकून अंबरनाथमार्गे कॅम्प पाचला आली. गल्लीतली पोरं मागे धावली. शेडचे सिंधी शेठ तोंडात बडीशेप टाकत बाहेर आले, होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साईं, इधर समुंदर किधर है? नाला तो मेरेको मालूम है." पण माणूस मनाने मोठा. शुक्रवारी कारखाने बंद असायचे, त्या दिवशी शेड वापरा म्हणाले, आणि उरलेली मॅटही वापरायला दिली. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड. त्यावर रेझिन चोपडलं की फायबर तयार होतं. ते धागे अंगात घुसतात. मधुकरांचे कपडे मी वेगळे धुवायचे, तरी आमच्या घरात त्या उन्हाळ्यात सगळेच खाजवत होते, सासूबाई सगळ्यांत जास्त.

शुक्रवारी मी डबा घेऊन शेडवर जायचे. डबा हे निमित्त. मला पाहायचं होतं. मधुकरांनी आधी सगळी फळी टकटक करत तपासली आणि खडूने खुणा केल्या. जिथे थप वाजलं तिथे फुली. सुरुवातीला फुल्या मोजक्या होत्या. हळूहळू फळी खडूने पांढरी झाली. मग त्यांनी ती कापून उचलली. खाली लांबीला दोन वासे होते, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, सगळं फायबरमध्ये गुंडाळलेलं. वरून धडधाकट दिसत होतं. एका वाशावर त्यांनी छिन्नी मारली, तशी आतून ओला भुगा निघाला, चहाच्या चोथ्यासारखा. मुठीत दाबला तर पाणी गळलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. याच्यावर मी दोन पावसाळे बसले होते.

आतलं लाकूड कशाने कुजलं, तेही लगेच कळलं. फळीच्या पुढच्या टोकाशी ओळीने खिळे ठोकलेले होते. गोमा त्या दिवशी मदतीला आला होता. त्याने सांगितलं, ती वाडीची रीत आहे. दरवर्षी पाणी चढलं की होडी पाण्यात घालायच्या आधी वाडीतली थोरली बाई तळात हळद लावलेला एक खिळा ठोकते, पाण्याची नजर लागू नये म्हणून. पूर्वी वाडीची होडी लाकडाची होती. लाकडात खिळा ठोकला की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि खिळ्याला घट्ट धरतं, काही बिघडत नाही. फायबरची होडी आली तरी रीत तीच राहिली. पण फायबर फुगत नाही. एकेका खिळ्याच्या भोकातून पाणी आत उतरलं आणि आतल्या लाकडाला लागलं. कवच चहूबाजूंनी बंद, त्यामुळे आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती. मधुकरांनी खिळे उपटून दाखवले. प्रत्येकाभोवती एक काळं वर्तुळ होतं आणि सगळी वर्तुळं एकमेकांत मिसळलेली होती.

तो खिळा ठोकणारी थोरली बाई म्हणजे गोमाची आई, पोशीबाई. मी होडीत बसताना पहिल्या दिवसापासून माझा हात धरणारी. बसले की म्हणायची, भिऊ नको बाय, मी हाय. तिनेच सगळ्यांच्या भल्यासाठी दरवर्षी एकेक भोक पाडलं होतं. हे तिला कोण सांगणार, या विचाराने मला होडीइतकीच काळजी लागली.

सांगितलं मधुकरांनीच. पुढच्या शुक्रवारी गोमाबरोबर पोशीबाई शेडवर आली. उल्हासनगर ती पहिल्यांदाच पाहत होती. टाक्यांच्या रांगेत ती उकिडवी बसली आणि होडीचं उघडं पोट बघत राहिली. मधुकरांना गोड बोलणं कधी जमलं नाही. त्यांनी तिच्या तळहातावर तो भुगा ठेवला, खिळा दाखवला, आणि यापुढे होडीत खिळा मारायचा नाही असं सांगितलं. आमच्या घरात सासऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून दाराला कधी लिंबू-मिरची लागली नव्हती. नजर हा शब्द मधुकरांसमोर काढला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी घेऊनच ते बोलत होते. मला वाटलं, म्हातारी आता उठून जाईल, आणि वाडी या होडीत पाय ठेवणार नाही.

पोशीबाईने भुगा बोटांनी चोळून पाहिला. मग लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडली. तिच्यात हळदीने पिवळा झालेला एक खिळा होता, या वर्षीचा.

"मंग आधीच मार," ती म्हणाली. "झाकायच्या आधी. येकच. पुना नाय मारायचा."

मधुकरांनी खिळा हातात घेतला. बघतो म्हणाले आणि खिळा पँटच्या खिशात टाकला. हे "बघतो" मी लग्नापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ नाही असाच असायचा.

आता आठवलं की हसू येतं, पण त्या वेळी माझा जीव दोन्हीकडून टांगणीला लागला होता. नवीन वासे सागाचे आणले. मधुकर ते घालायलाच तयार होईनात. लाकूड पूर्ण सुकलं पाहिजे म्हणायचे, थोडी ओल आत राहिली आणि वरून बंद केलं तर पुन्हा तेच. इकडे आभाळ दाटायला लागलेलं. घाई केली तर ओल कायमची आत, थांबावं तर पाणी चढणार. मी एकाच जेवणात त्यांना लवकर करा आणि घाई करू नका असं दोन्ही सांगायचे. ते म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्यांनी वाशांखाली मोठे बल्ब लावून ठेवले. शेठ रोज येऊन लाकडाला हात लावायचे आणि अंडी उबली का विचारायचे.

शाळा सुरू झाली. मी अजून पायवाटेने जात होते, पण दर दिवशी चिखल थोडा पुढे सरकलेला दिसायचा. ज्या दगडावर मी चपला काढायचे तो एके दिवशी पाण्यात होता. घरी येऊन सांगितलं तर मधुकर म्हणाले, अजून एक शुक्रवार. त्या शुक्रवारी त्यांनी वासे बसवले आणि गुंडाळले. मी शाळेत होते, त्यामुळे पाहायला नव्हते. वर जाड प्लाय टाकला, सगळ्या कडा बंद केल्या, वरून करडा रंग दिला. दमट हवेत रेझिन लवकर धरेना. संध्याकाळी शेडवर जाऊन मी बोट लावलं तर चिकटलं. ते चिकट बोट मी रात्रभर अंगठ्यावर घासत राहिले.

शनिवारी धुवायला त्यांची पँट काढली. खिशाचं अस्तर हळदीने पिवळं झालं होतं. खिसा रिकामा होता. मला वाटलं, शेडच्या भंगाराच्या डब्यात गेला असेल.

होडी परत गेली त्या दिवशी मधुकरही आले. नारळ नको म्हणाले. मग वाडीतल्या बाप्यांना त्यांनी आत उभं केलं, उड्या मारा म्हणाले, आणि स्वतः काठावर चिखलात कान खाली लावून बसले. लोकांना गंमत वाटली. शेवटी पोशीबाई पुढे झाली. तिने विचारलं, खिला कुठं हाय? मधुकर म्हणाले, "आत आहे. दिसणार नाही." तिने करड्या फळीवर हात फिरवला, मान हलवली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

मला ते वाक्य खोटं वाटलं. तसं वाटायला कारण होतं. हा माणूस वाद मिटवायला हो म्हणायचा, हे मला ठाऊक होतं, आणि दाराला लिंबू न बांधणारा माणूस होडीत खिळा कशाला घालेल? माझाही अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. मला काळजी फळीची असायला हवी होती. ती होतीच. पण आता तिच्या जोडीला ही एक नवीन काळजी आली, की या होडीत बसणारी सगळी माणसं एका नसलेल्या खिळ्याच्या भरवशावर बसली आहेत, आणि ते फक्त मला माहीत आहे.

त्या पावसाळ्याचं बाकी काही धड आठवत नाही. शाळेत कोणता धडा चालू होता, विचारू नका. आठवतो तो तळवा. होडीत पाय टाकताना आधी टाच, मग चवडा, मग सगळं वजन. चप्पल काढूनच बसायचे, म्हणजे फळी हलली तर पायाला कळेल. रॉकेलच्या डब्याचा वास, गोणपाटाखाली भिजणारं रेशन, वल्ह्याची लय आणि माझ्या शेजारी पोशीबाईचा खरखरीत हात. दुसऱ्या हाताने मी हळूच, कुणाला दिसणार नाही असं, फळीवर टकटक करायचे. टक यायचं. तरी पुढच्या जागी थप येईल असं वाटायचं.

धरणाच्या पोटात बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत. पाणी भरलं की ती दिसत नाहीत, पण गोमाला सगळी पाठ होती. एक दिवस मधोमध असताना डोंगरावरून वारा उतरला आणि होडी आडवी लोटली गेली. गोमा ओरडला, तेवढ्यात खालून धाडकन दणका बसला. होडी खुंटावर चढली, कलली आणि घासत खाली आली. तो घासण्याचा आवाज माझ्या पायातून वर आला. एक पोतं पाण्यात गेलं. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे डोळे फळीवर. आता भेग पडेल, आता पाणी येईल. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. मला तिचे पाय दिसले, दुसरं काही नाही.

पोशीबाईने माझा हात सोडला नाही. ती अगदी शांत होती. "खिला हाय बाय," ती म्हणाली. "काय नाय व्हनार."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? फळी कोरडी राहिली. काठाला लागल्यावर गोमाने खाली वाकून पाहिलं, बाहेरच्या अंगाला नुसता पांढरा ओरखडा होता. वाडीत त्या दिवशी खिळ्याचा जयजयकार झाला. मी शाळेच्या पडवीत बसून रडले आणि पोरांना पाढे म्हणायला लावले.

घरी मी दणक्याचं सांगितलं. मधुकर जेवायचे थांबले. कुठे बसला, पुढे की मागे, फळी कुरकुरली का, असं खोदून खोदून विचारलं. पुढच्या शुक्रवारी ते ब्रश आणि रेझिनचा डबा घेऊन वाडीवर गेले आणि ओरखडा बुजवून आले. खिळ्याचं मात्र मी विचारलं नाही. टाकला म्हणाले असते तर पोशीबाईच्या डोळ्यांना डोळा देता आला नसता. आत आहे म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं. संसारात काही गोष्टी न विचारता सोडून द्याव्या लागतात. मी ही सोडली, म्हणजे ती माझ्यापाशी राहिली.

पुढे माझी बदली झाली. नव्वदच्या दशकात ओढ्यांवर मोऱ्या बांधल्या गेल्या, वाडीला जीपचा रस्ता झाला आणि होडी काठावर पालथी पडून राहिली. पोशीबाई त्याच सुमारास गेली. तिच्या जाण्याचा निरोप मला फार उशिरा मिळाला.

गोमाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो. मांडवामागे म्हशी बांधल्या होत्या आणि त्यांच्यापुढे पाण्याला ठेवलेलं भांडं ओळखीचं वाटलं. करडा रंग. गोमाने होडी आडवी कापून पुढच्या भागाची दोण केली होती. कापलेल्या कडेला फायबरचा थर, प्लाय, आणि खाली दोन्ही वाशांची तोंडं स्वच्छ दिसत होती. मी जवळ गेले. लाकूड पिवळं, कोरडं, आजच रंधा मारल्यासारखं. इतके पावसाळे त्याच्यावरून गेले होते.

उजव्या वाशात, कापापासून बोटभर अंतरावर, वरच्या थराचा टवका उडाला होता. आत मधाच्या रंगाचं रेझिन होतं आणि त्यात एक खिळा. त्याला गंज नव्हता. हळद अजून दिसत होती. भोक आधी पाडून, रेझिन भरून, खिळा अलगद आत बसवलेला. मी ज्या जागी बसायचे, बरोबर तिच्याखाली.

मी तिथेच उभी राहिले. पोशीबाई हवी होती असं फार वाटलं. तिला माहीतच होतं, मला कळायला एवढी वर्षं लागली. मधुकर माझ्या मागे येऊन उभे होते आणि म्हशींकडे बघत होते.

"तुमचा तर विश्वास नव्हता," मी म्हटलं.

"अजून नाही," ते म्हणाले. "पण तिचा होता. आणि बसणार तू होतीस. मला त्या दिवसांत झोप कुठे लागत होती?"

त्यांनी म्हशीचं तोंड हाताने बाजूला केलं, खाली वाकले आणि वाशावर बोटाच्या पेराने वाजवलं. ऐक, म्हणाले. मी वाकून ऐकलं. टक वाजत होतं.